सिझेरियननंतरचे दुसरे बाळंतपण

पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज भोपाळात स्थायिक झालेल्या पुष्कळ मराठी घरांनीही सोडलेला नाही. त्यातून एक अडचण उद्भवते. पहिल्या खेपेस नागपूरला वा बऱ्हाणपूरला सिझेरियन झालेली सून दुसऱ्या खेपेस भोपाळातील डॉक्टरांपुढे बसते, तेव्हा पोटावरचा व्रण सर्वांना दिसतो. आतील गर्भाशयावर छेद कसा घेतला होता हे सांगणारा कागद मात्र माहेरच्या कपाटात राहिलेला असतो. आणि सारा प्रश्न त्या कागदाचाच असतो.

एकदा सिझेरियन झाले की पुढेही तेच, हा दंडक न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांच्या १९१६ च्या भाषणापासून प्रसिद्धीस आला. त्या काळी गर्भाशय वरच्या भागात उभे चिरीत, आणि तसला व्रण कळांच्या ताणाने फाटण्याचे भय मोठे असे. पुढे ग्लासगोचे मन्रो कर यांनी खालच्या भागातील आडव्या छेदाचा पुरस्कार केला व तो सर्वत्र रूढ झाला. असा एकच आडवा छेद असलेल्या ज्या स्त्रिया नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करतात, त्यांतील शंभरांत सुमारे सत्तर ते पंचाहत्तर जणी तशाच मोकळ्या होतात. व्रण फाटण्याचा प्रसंग दोनशेत साधारण एकीवर येतो. प्रमाण अल्प खरे. परंतु तो प्रसंग आला, तर मिनिटे मोजावी लागतात.

म्हणून नुसत्या गोड होकारावर भुलू नये. 'काळजी नको, सगळे नीट होईल' म्हणणाऱ्या डॉक्टरांपेक्षा आधी जुना कागद मागणाऱ्या डॉक्टरीणबाई अधिक भरवशाच्या. मागचे मूल पायाळू होते म्हणून शस्त्रक्रिया झाली, की कळा येऊनही वाट अडली म्हणून, हे त्या विचारतील. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असेल तर सावध होतील. त्यांनाही प्रश्न विचारावेत. रात्री दोन वाजता भूल देणारे डॉक्टर इमारतीत असतात की घरून येतात? रक्ताची सोय कोठे? बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष कोण ठेवणार? (व्रण फाटू लागल्याची पहिली खूण पुष्कळदा ठोक्यांतच उमटते.) दिवस उलटले तर काय करणार? असे प्रश्न ज्यांना उद्धटपणा वाटतो, त्यांच्याकडे पुन्हा न गेलेलेच बरे.

भोपाळात हमीदिया रुग्णालय आहे, साकेतनगरला एम्स आहे. अशा मोठ्या ठिकाणी गर्दी फार, पाळीगणिक डॉक्टर बदलतात. परंतु शस्त्रक्रियेची सोय रात्रंदिवस असते. लहान नर्सिंग होममध्ये ओळखीचा आधार मिळतो, पण तेथे वरील पहिल्या प्रश्नाचे उत्तर नीट पारखून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील खाजगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे आढळले. एवढी तफावत केवळ प्रकृतीच्या कारणांनी पडते, असे मानणे कठीण आहे.

सर्व ऐकून एखादीने पुन्हा शस्त्रक्रियाच पसंत केली, तर सासूबाईंनी तिला भित्री म्हणू नये. व्रण तिच्या पोटी आहे.

कागदाचे काम मात्र पाचव्या महिन्यापूर्वीच उरकावे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात, व मागणी केल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात. मधे तीन वर्षे उलटून गेली असतील, तर माहेरचे कपाटच आधी उघडावे.