भाडेकरूंची बर्डी

नागपूरच्या सीताबर्डीत, म्हणजे बर्डीत, मेन रोडवर खरेदीला गेलात, तर दुकानांच्या पाट्यांवरून नजर जरा वर न्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी जुनी घरं अजून दिसतात. ती भरली कशी?

१९४९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात घरभाडे नियंत्रण आदेश निघाला. घर रिकामं झालं, की मालकानं सरकारला कळवायचं. सरकार ते सरकारी नोकराला किंवा फाळणीतल्या निर्वासिताला देऊ शके. भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस द्यायची, तर भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. म्हणजे शेजारी कोण यावा, हे एकट्या मालकाच्या हाती नव्हतं. त्याच्या जातीबाहेरचा, भाषेबाहेरचा माणूसही वरच्या मजल्यावर येऊ शकत होता. मालक कुरकुरत, आणि तेही खोटं नव्हतं. तुटपुंज्या भाड्यात डागडुजी कोण करणार?

३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रभर एकच भाडे नियंत्रण कायदा आला, आणि तो जुना आदेश गेला. आता शेजार ठरवतो तो फ्लॅटचा भाव.

भाड्यानं राहत असाल, तर एवढं ध्यानात ठेवा: या कायद्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे.