शेजाऱ्याचा सण आणि आपलें दुकान



जयपूर शहरांत मणिहारांची आळी आहे. तेथील मुसलमान कारागीर एरव्हीं लाखेच्या बांगड्या करतात. पण होळी जवळ आली कीं तेच हात लाख तापवून, नळीनें फुंकून तिचे पातळ गोळे फुगवितात व त्यांत गुलाल भरतात. हाच 'गुलालगोटा'. अंगावर पडतांच तो फुटतो, पण इजा करीत नाहीं. आतां यांपैकीं एकाद्यानें आपल्या धर्मशास्त्राला विचारलें कीं, 'दुसऱ्याच्या सणावरची ही कमाई मला चालते काय?' तर काय उत्तर मिळेल? प्रश्न नुसता पंडिती नव्हे. 'नाहीं' म्हटलें तर घरच्या मिळकतीवर घाला, आणि उत्तरच मिळालें नाहीं तर मनाला बोंच. एका शब्दांत निकाल देणारे लोक पुष्कळ भेटतात. ग्रंथ मात्र इतके उतावळे नाहींत.

मक्केच्या परिसरांत उकाझ, मजन्ना वगैरे जत्रा इस्लामपूर्व काळापासून भरत. नव्या धर्मांत आलेल्यांना यात्रेच्या दिवसांत तेथें व्यापार करणें पाप वाटूं लागलें. तेव्हां कुराणाच्या दुसऱ्या अध्यायांतील १९८ वें वचन आलें व तो संकोच दूर झाला, असें बुखारीच्या हदीससंग्रहांत इब्न अब्बास यांच्या नांवें नोंदलेलें आहे. त्याच संग्रहांत दुसरी मर्यादाहि आहे. मक्का जिंकली त्या वर्षीं, म्हणजे इ. स. ६३० मध्यें, पैगंबरांनीं मद्य, मृत जनावर, डुक्कर आणि मूर्ति यांची विक्री निषिद्ध ठरविली. तेव्हां पूजेच्या मूर्तीचा प्रश्न तेथेंच मिटला. वाद उरतो तो कापड, मिठाई, फुलें, अत्तर, रंग असल्या मालाचा. वस्तु निर्दोष, पण गिऱ्हाईक ती नेणार सणासाठीं!

येथें पंडितांनीं द्राक्षरसाचा दृष्टांत घेतला. मद्य करणाराला रस विकावा काय? कूफ्याचे इमाम अबू हनीफा (मृत्यु ७६७) म्हणत, चालेल. विकला तेव्हां तो रसच होता, दोष आला तो त्याचें रूप पालटल्यावर. घेणारा स्वतंत्र बुद्धीचा मनुष्य आहे. त्याचें कृत्य विकणाराच्या माथीं येत नाहीं. याच न्यायानें खेड्यापाड्यांत अग्यारीसाठीं किंवा चर्चसाठीं घर भाड्यानें देण्यासहि त्यांनीं मोकळीक दिली. पण त्यांचेच पट्टशिष्य अबू यूसुफ व महंमद शैबानी यांना हें पटलें नाहीं. जाणूनबुजून केलेलें साहाय्य तें साहाय्यच, असा त्यांचा पक्ष. बाराव्या शतकांतील 'हिदाया' या ग्रंथांत दोन्ही पक्ष शेजारीं शेजारीं दिलेले आहेत. चार्ल्स हॅमिल्टननें त्याचें इंग्रजी भाषांतर १७९१ सालीं प्रसिद्ध केलें, म्हणून माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तरालाहि आंत डोकावतां आलें. शिष्यांनीं गुरूला विरोध करावा आणि ग्रंथकारानें दोघांनाहि जागा द्यावी, हें जन्मभर वर्गांत उभ्या राहिलेल्या मला फार आवडलें.

याहून कडक मत दमास्कसच्या इब्न तैमिया (१२६३ ते १३२८) यांचें. ख्रिस्ती लोकांना सणासाठीं अन्न, वस्त्र, सुगंधी वनस्पति विकणें म्हणजे त्या सणाला एक प्रकारें हातभार लावणें, असें ते म्हणतात. पण ह्याच गृहस्थांनीं आपल्या पंथाचे आद्य इमाम अहमद इब्न हनबल यांचा निर्णय प्रामाणिकपणें नमूद केला आहे. शामदेशांतील ख्रिस्ती सणाच्या बाजारांत मुसलमान गेला, पण त्यांच्या प्रार्थनामंदिरांत शिरला नाहीं, तर हरकत नाहीं! म्हणजे तेथें विकत घेणें चालतें आणि विकणें खटकतें. हा भेद मला थोडा बारीक वाटतो.

उत्तर हिंदुस्थानांतील मुसलमान बहुतेक हनफी, तेव्हां जयपूरच्या कारागिराला अबू हनीफांचा आधार सांपडतो. त्यांच्या शिष्यांचा आक्षेपहि त्याच घरचा आहे. आपले कोंकणी मुसलमान शाफी पंथाचे. त्यांच्या शास्त्रांत द्राक्षांचा निकाल विकणाराच्या माहितीवर लागतो. घेणारा मद्यच करणार अशी खात्री असेल तर विक्री निषिद्ध, नुसता संशय असेल तर अप्रशस्त. मग गणपतीच्या आदल्या दिवशीं रत्नागिरीच्या अत्तरवाल्याकडे आपण गेलों, तर ती कुपी देव्हाऱ्यासाठीं कीं लेकीच्या रुमालासाठीं, हें त्याला कोठून कळावें?