पडद्यावरची भुते आणि त्यांचा काळ

(एका वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर भुताखेतांच्या चित्रपटांचा विषय निघावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. पण भय हा विषय आपल्या परंपरेने कधीच हलका मानलेला नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत भयानकाला स्वतंत्र स्थान आहे. त्याची उत्पत्ती बीभत्सातून होते, असे त्यांनी म्हटले आहे आणि त्याची देवता काल ही मानली आहे. तेव्हा एखादा समाज कशाला भितो आणि त्या भयाचे निवारण कोणाकडे मागतो, हे पाहिले तर त्या समाजाच्या मनाचा पुष्कळसा थांग लागतो. या दृष्टीने गेल्या शतकातील ऐंशीचे दशक, म्हणजे हिंदी भयपटांचे खरेखुरे दशक, अभ्यासण्यासारखे आहे.

त्याआधी हिंदी पडद्यावर भुते नव्हती असे नाही. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा 'महल' आला. ओसाड प्रासाद, मध्यरात्रीचे सूर, झोपाळ्यावरची स्त्री असा सगळा साज त्यात होता. मात्र शेवटी ती स्त्री म्हणजे माळ्याची हाडामांसाची मुलगी निघाली. १९६२चा 'बीस साल बाद' आणि १९६४चा 'वो कौन थी' यांचीही तीच रीत. दोन-अडीच तास प्रेक्षकाला घाबरवायचे आणि अखेरीस भुताच्या मागे लपलेला गुन्हेगार पोलिसांच्या हवाली करायचा. बिमल रॉय यांच्या 'मधुमती'चा (१९५८) अपवाद करावा लागेल. तिथे आत्मा खरा आहे, पुनर्जन्मही खरा आहे. पण त्या चित्रपटाला भयपट म्हणणे म्हणजे त्यातील करुणेवर अन्याय होय. एकूण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत हिंदी चित्रपटातील भूत हे लबाडी ठरत असे. शिक्षण, कायदा आणि विज्ञान यांच्या उजेडात ते विरून जाई.

ऐंशीच्या दशकात चित्र उलटले. भूत खरे ठरले आणि पोलीस निरुपयोगी ठरले. हा बदल घडवणारे नाव रामसे बंधूंचे. त्यांची कथा त्यांच्या कोणत्याही चित्रपटापेक्षा अधिक रोचक आहे.

कुटुंबाचे मूळ आडनाव रामसिंघानी. वडील फतेहचंद हे कराचीचे सिंधी हिंदू, रेडिओचा व्यवसाय. इंग्रज गिऱ्हाइकांना उच्चार जमेना म्हणून आडनावाचे 'रामसे' झाले, असे सांगतात. १९४७ साली फाळणी झाली. लाखो सिंधी बांधवांप्रमाणे हे कुटुंबही घरदार मागे टाकून मुंबईत आले. लॅमिंग्टन रोडवर पुन्हा विद्युत उपकरणांचे दुकान उघडले आणि शून्यातून संसार उभा राहिला. चित्रपटाची ओढ मात्र सुटली नाही. १९५४ साली त्यांनी भगतसिंगांच्या जीवनावरील चित्रपटाच्या निर्मितीत भाग घेतला. पुढे १९६३ साली 'रुस्तम सोहराब' काढला. पृथ्वीराज कपूर आणि सुरैया त्यात होते. सुरैयाचा हा अखेरचा चित्रपट. दिग्दर्शक कोण, तर 'रणांगण'कार विश्राम बेडेकर! मराठी कादंबरीला नवे वळण देणारा हा लेखक हिंदी भयपटांच्या उगमाशी उभा आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

उगमाशी म्हणण्याचे कारण असे. १९७० साली बेडेकरांनीच रामसे कुटुंबासाठी 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' दिग्दर्शित केला. चित्रपट आपटला, कुटुंब कर्जात गेले. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करायला शिरतात. तुलसी आणि श्याम हे दोघे मुलगे चित्रपटगृहात बसून प्रेक्षकांचे चेहरे न्याहाळत होते. एरवी चुळबुळणारे लोक नेमक्या त्या प्रसंगाला खुर्चीला खिळून बसत. बाकीचा चित्रपट सोडून केवळ हेच का दाखवू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. व्यापारी घरातील मुलांची नजर ती. तिला बाजार नेमका दिसला.

वडिलांनी सातही मुलांना कामाला जुंपले. जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायाचित्रकाराचे चित्रीकरण-तंत्रावरील पुस्तक त्यांनी पाठ केल्यासारखे अभ्यासले. कुमार यांनी लेखन, गंगू यांनी छायाचित्रण, किरण यांनी ध्वनी, अर्जुन यांनी संकलन, तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन अशी वाटणी झाली. १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' या चित्रपटासाठी सारा परिवार महाबळेश्वरला गेला. विश्रामगृहाच्या खोल्या हेच चित्रीकरणस्थळ, तिथेच मुक्काम आणि स्वयंपाकाला घरच्या स्त्रिया. मोठे तारे नाहीत, महागडे देखावे नाहीत. अल्प खर्चात, थोड्या दिवसांत चित्रपट पुरा झाला आणि चालला. एकत्र कुटुंबपद्धतीने आपल्याकडे किराणा दुकानापासून कापडगिरणीपर्यंत बरेच काही चालवले आहे. तिने भुतांचा कारखानाही चालवून दाखवला! विस्थापित कुटुंबाच्या या जिद्दीचे कौतुक केलेच पाहिजे, मग त्यांच्या मालाविषयी मत काहीही असो.

त्या मालाचा कळस म्हणजे १९८४चा 'पुराना मंदिर'. कथा थोडक्यात अशी. दोनशे वर्षांपूर्वी सामरी नावाच्या नरराक्षसाला राजा पकडतो. त्याचा शिरच्छेद होतो. धड जुन्या मंदिराच्या आवारात पुरतात, शिर हवेलीत बंदिस्त ठेवतात. मरताना सामरी शाप देतो की, या घराण्यातील प्रत्येक स्त्री प्रसूतीच्या वेळी मरेल. दोन शतकांनंतर घराण्यातील मुलगी प्रेमात पडते, बाप धास्तावतो, मुले सत्य शोधायला त्या हवेलीत जातात. लोभापायी शिर आणि धड पुन्हा एकत्र येते. अखेरीस शिवाच्या त्रिशूळापुढे सामरी निष्प्रभ होतो आणि अग्नीच्या स्वाधीन होतो.

सामरीची भूमिका करणारे अनिरुद्ध अगरवाल हे रुडकीचे स्थापत्य अभियंता. उंची आणि चेहऱ्याची अजस्र ठेवण यांमुळे त्यांना रंगभूषेची फारशी गरजच पडली नाही. याच चित्रपटात सामरीशी झुंजणारे पुनीत इस्सर चार वर्षांनी 'महाभारत' मालिकेत दुर्योधन झाले. मोठ्या नायक-नायिकांविना हा चित्रपट त्या वर्षीच्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला.

या यशाचे एक कारण घराघरांत शिरलेल्या यंत्रात सापडते. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले, पाठोपाठ व्हिडिओ आला. मध्यमवर्गीय कुटुंब घरी बसून चित्रपट पाहू लागले. तालुक्याच्या गावातील टॉकीज ओस पडू लागल्या आणि त्यांच्या खुर्च्या भरायला 'केवळ प्रौढांसाठी' असा शिक्का मिरवणारा स्वस्त भयपट धावून आला. दिवसभर राबणाऱ्या माणसाला तीन तासांत भीती, विनोद, गाणी आणि थोडे चाळवणे असे सारे एकाच तिकिटात मिळे. ज्यांनी हे चित्रपट पाहिले, त्यांतील बहुतेकांनी पुढे ते पाहिल्याचे नाकारले. तो शिष्टाचारच होता.

दुसरे कारण अधिक खोलवर आहे. सत्तरच्या दशकाने लोकांच्या विश्वासाला तडे दिले होते. महागाई, संप, १९७५ची आणीबाणी, नंतरची निराशा. शासनसंस्था आपले रक्षण करील ही श्रद्धा ढासळली की, त्रिशूळ पुन्हा आठवतो. रामसेंच्या चित्रपटात नायकाची डिग्री, मोटार आणि बंदूक काहीच कामी येत नाही. गावातील म्हातारा पुजारी जे सांगतो, तेच शेवटी खरे ठरते. नगरात शिकलेल्या पिढीने ओसाड टाकलेले वडिलोपार्जित घर तिला परत बोलावते, जाब विचारते. हे कथासूत्र फाळणीत आपले घर कायमचे गमावलेल्या कुटुंबाने पुन्हा पुन्हा सांगावे, यात योगायोग किती आणि अंतःप्रेरणा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हाच धागा अधिक कसदारपणे हाताळणारा चित्रपट १९८० साली येऊन गेला होता. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा 'गहराई'. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) या अमेरिकन चित्रपटाची छाया त्यावर आहे, पण केवळ छायाच. बंगळूरमधला सुस्थित गृहस्थ गावाकडची जमीन कारखान्यासाठी विकतो. जमिनीला आई मानणारा वृद्ध सेवक हादरतो. त्यानंतर गृहस्थाच्या शाळकरी मुलीला झपाटले जाते. बापाची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची, मुलीची पद्मिनी कोल्हापुरे यांची. प्रत्यक्ष जीवनात कठोर बुद्धिवादी असलेले लागू इथे मांत्रिकांच्या दारात हतबल उभे राहणारा विवेकवादी बाप रंगवतात आणि त्या हतबलतेत एकही खोटा सूर लागत नाही. भूत इथे बाहेरून आलेले नाही. विकलेल्या जमिनीतून आणि दडवलेल्या पापातून ते उठले आहे. तरीही टॉकीजच्या गर्दीने सामरीलाच पसंती दिली.

आता दोषांकडे वळले पाहिजे, कारण ते लहान नाहीत.

पहिला दोष उसनवारीचा. १९५८ साली ब्रिटनच्या हॅमर कंपनीने 'ड्रॅक्युला' काढला. काळा झगा, शवपेटी, धुक्यातील दफनभूमी हा तिचा संभार रामसेंनी उचलून आणला. १९९०च्या 'बंद दरवाज़ा'मध्ये तर रक्तपिपासू ड्रॅक्युलाच नाव बदलून वावरतो. दफन करणाऱ्या समाजाला थडग्यातून उठणाऱ्या प्रेताचे भय वाटणे स्वाभाविक आहे. दहन करणाऱ्या समाजाने ते उसने का घ्यावे? आपल्याकडे राख उरते. तिथे उठायला काही शिल्लक नसते. आपले भय निराळे. संस्कार राहून गेले तर काय, इच्छा अपुरी राहिली तर काय, हे ते भय. कोकणातील मुंजा घ्या, ब्रह्मसमंध घ्या, हडळ घ्या. प्रत्येकामागे अपुरे राहिलेले आयुष्य आहे. 'पुराना मंदिर'चा शेवट चितेसारख्या अग्नीने होतो, तेव्हा उसन्या सांगाड्यातूनही हे देशी भान डोकावते; पण नकळत.

शिवाय आपल्या परंपरेत भूतयोनी म्हणजे निखळ दुष्टता नव्हे. वेतालपंचविंशतीतील वेताळ स्मशानात प्रेतात वास करतो. पण राजाच्या खांद्यावर बसून त्याला न्यायाचे अवघड प्रश्न विचारतो. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त या कथा अकराव्या शतकापासून वाचल्या जात आहेत. १९८५ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांनी 'विक्रम और बेताल' दाखवली, तेव्हा मुले ती आवडीने पाहत. घाबरून पळत नसत. सिंधुदुर्गात आरवलीचा वेतोबा तर ग्रामरक्षक आहे. तो रात्री गावाच्या वेशीवर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. इतकी समृद्ध सामग्री दाराशी असताना इंग्लंडची शवपेटी आयात करावी, ही कल्पनादारिद्र्याची खूण आहे.

दुसरा दोष स्त्रीच्या चित्रणाचा. १९८८च्या 'वीराना'त झपाटलेली तरुणी हे निमित्त आहे. कॅमेऱ्याला रस आहे तो तिच्या देहात. भयपटांतील स्नानगृहाचे प्रसंग हे भयानक रसाचे साधन नव्हते, तिकीटविक्रीचे होते. त्याच चित्रपटात सतीश शाह यांनी रंगवलेल्या भयपटलेखकाचे नाव चक्क 'हिचकॉक' ठेवले आहे. स्वतःचीच थट्टा करण्याचा हा मोकळेपणा हसू आणतो. पण त्याने मूळ ओंगळपणा झाकला जात नाही. भयानकापेक्षा बीभत्साचीच मात्रा इथे अधिक होती.

आणि तिसरा दोष सर्वांत गंभीर. 'दो गज़ ज़मीन के नीचे' ज्या वर्षी झळकला, त्याच १९७२ साली परभणी जिल्ह्यातील मानवत येथे एक भीषण हत्यासत्र सुरू झाले. गुप्तधनाच्या लोभाने आणि अघोरी समजुतींनी १९७४च्या प्रारंभापर्यंत तिथे कोवळ्या मुली आणि स्त्रिया मारल्या गेल्या. पडद्यावरील मांत्रिक मेणाचा होता. मानवतमधील बळी खरे होते. या चित्रपटांनी ते घडवले, असे कोणी म्हणणार नाही. मात्र मंत्रतंत्राची खरी शिकार कोण होते, हे दाखवण्याची संधी त्यांच्या हाती होती आणि ती त्यांनी घेतली नाही. त्यांच्या चित्रपटात नरबळी देणारा हा नेहमी जंगलातला, जटा वाढवलेला, मशाल घेतलेला कोणीतरी परका असे. वनवासी बांधवांचे रानटी चित्रण त्यातूनच आले. मानवतचे गुन्हेगार मात्र गावातलेच होते.

१९९० नंतर लाट ओसरली. १९९२मध्ये राम गोपाल वर्मा यांनी 'रात'मध्ये भूत हवेलीतून काढून शहरातल्या साध्या घरात आणले. १९९३मध्ये रामसे बंधू 'झी हॉरर शो' घेऊन दूरचित्रवाणीवर गेले आणि ज्या दिवाणखान्यांनी त्यांना कधी दारात उभे केले नव्हते, तिथेच रात्री त्यांची वाट पाहिली जाऊ लागली. तुलसी रामसे २०१८मध्ये आणि श्याम २०१९मध्ये निवर्तले.

तुलसी गेले त्याच वर्षी राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' आला. नारायण धारप यांच्या कथेतून बीज घेतलेला, कोकणातील पडत्या पावसाचा, मराठी वाड्याचा आणि पिढ्यान् पिढ्या चालणाऱ्या लोभाचा हा चित्रपट. त्यात शवपेटी नाही, काळा झगा नाही. पीठ मळून केलेली बाहुली, कमरेचे वस्त्र आणि सोन्याच्या मोहरा एवढेच आहे. पहिल्या खेपेला तो बेताचाच चालला. २०२४मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा लोकांनी आधीपेक्षा कितीतरी अधिक संख्येने जाऊन तो पाहिला.