इर्शाद म्हटल्याशिवाय नाही

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'आळशी' हा शब्द आपल्याकडे शिवीच्या जवळपास जातो. 'आळशाला गंगा दूर' आपण शाळेत असतानाच पाठ केलेलं असतं. संगणकाच्या जगात मात्र काही कामं मुद्दाम आळशी ठेवतात, आणि तो त्या कामांचा गुण मानतात. आज मला या आळसाबद्दल बोलायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचं. माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. 'रस्ट' नावाच्या भाषेतली ही गोष्ट तिनंच मला समजावली. "मामू, तुम्हाला ही लगेच कळेल," असं ती म्हणाली होती. लगेच कळली नाही, पण कळली तेव्हा फार ओळखीची वाटली.

आधी भाषेविषयी दोन शब्द. 'रस्ट' म्हटलं की आपल्याला गंज आठवतो. पण ग्रेडन होअर यांनी २००६ साली या भाषेचं काम सुरू केलं, तेव्हा नाव घेतलं ते एका बुरशीवरून. आपले शेतकरी तिला चांगलं ओळखतात. गव्हावर पडणारा तांबेरा, तो याच बुरशीच्या कुळातला. सहजासहजी न मरणारी ही जात. पुढे मोझिला या संस्थेनं भाषेला आधार दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती आली. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स या प्रणालीच्या गाभ्यातही तिला जागा मिळाली. यंत्राच्या अगदी जवळ जाऊन काम करणारी ही भाषा. तिथे स्मृतीचा प्रत्येक कोपरा मोजून वापरावा लागतो.

आता मूळ मुद्दा. समजा, एका मोठ्या ग्रंथालयाच्या पुस्तकांची यादी संगणकात आहे. नोंदी दहा लाख. मला हवीत १९६० च्या आधीची मराठी काव्यसंग्रहांची फक्त पाच नावं. सरळ मार्ग असा: आधी दहा लाख नोंदींतून सगळे काव्यसंग्रह निवडून एक नवी यादी करायची, मग त्या यादीतली नुसती नावं काढून आणखी एक यादी करायची, आणि शेवटी तिच्यातली वरची पाच उचलायची. म्हणजे पाच नावांसाठी दहा लाख नोंदी वाचायच्या आणि दोन याद्या उगाच बाळगायच्या.

घरात असं कोणी करत नाही. पाच भाकरी करायच्या असतील तर आपण अख्खं पोतं निवडत नाही, अख्खं पोतं दळत नाही आणि सगळं पीठ चाळूनही ठेवत नाही. लागेल तेवढंच धान्य सुपात येतं, जात्यात जातं, चाळणीतून परातीत पडतं.

रस्टमध्ये असं काम साखळीनं लिहितात. यादीपुढे 'फिल्टर', म्हणजे निवडणारा. त्याच्यापुढे 'मॅप', म्हणजे एका वस्तूची दुसरी करून देणारा. त्याच्यापुढे 'टेक', म्हणजे अमुक इतकेच घेणारा. या मधल्या कड्यांना 'अडॅप्टर' म्हणतात. आणि शेवटी 'कलेक्ट', म्हणजे गोळा करणारा. गंमत अशी की फिल्टर, मॅप, टेक ही नावं लिहिली तरी काहीच घडत नाही. सूप, जातं, चाळण नुसती मांडून ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. काम सुरू होतं ते परात पुढे झाली की.

हे चालतं कसं, ते मला मुशायऱ्यावरून कळलं. शायर गझल घेऊन बसलेला असतो, पण सगळे शेर एका दमात ओतत नाही. श्रोते 'इर्शाद' म्हणतात आणि एक शेर येतो. पुन्हा 'इर्शाद', पुढचा शेर. मक्त्यात शायराचं नाव आलं की समजायचं, गझल संपली. रस्टमधली साखळी नेमकी अशीच बोलते. तिथे 'इर्शाद'च्या जागी 'नेक्स्ट' आहे, म्हणजे 'पुढचं द्या'. उत्तर दोनच प्रकारचं: 'हे घ्या' किंवा 'आता काही नाही'.

आणि हे 'पुढचं द्या' निघतं ते शेवटच्या कडीपासून. गोळा करणारा 'टेक'कडे मागतो, 'टेक' 'मॅप'कडे, 'मॅप' 'फिल्टर'कडे आणि 'फिल्टर' यादीकडे. फिल्टर मनासारखी नोंद मिळेपर्यंत यादीकडे मागत राहतो, मिळाली की पुढे देतो. पाचवं नाव हाती आलं की 'टेक' सांगतो, बस्स. समजा, ते पाचवं नाव ३१२ व्या नोंदीत सापडलं, तर उरलेल्या ९,९९,६८८ नोंदींना कोणी हातही लावत नाही. मधल्या याद्याही कुठे तयार होत नाहीत.

मुशायऱ्यात आणि इथे एक फरक मात्र आहे. तिथे 'मुकर्रर' म्हटलं की शायर तोच शेर पुन्हा वाचतो. इथे दिलेलं मागे येत नाही. पुन्हा हवं असेल तर साखळी पहिल्यापासून मांडायची.

हा विचार काही रस्टचा शोध नव्हे. १९७३ साली युनिक्स या प्रणालीत डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहानं 'पाइप' आले. एका प्रोग्रामचं उत्पन्न थेट दुसऱ्याच्या तोंडात देणारी ही नळी. १९७६ साली फ्रीडमन आणि वाइज यांनी, तसंच हेंडरसन आणि मॉरिस यांनी, गरज पडेपर्यंत हिशोब न करण्याची पद्धत आपापल्या निबंधांत मांडली. १९९० साली आलेली हॅस्केल ही भाषा तर जवळजवळ सगळ्याच बाबतीत आळशी. पण गरज पडेपर्यंत थांबायचं तर काय काय करायचं राहिलं आहे, याची आठवण यंत्राला ठेवावी लागते आणि तिचाही भार असतो. रस्टची करामत अशी की तिचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, ही साखळी बहुतेक वेळा वितळवून टाकतो. शेवटी उरतो तो हातानं लिहावा तसा एकच साधा फेरा.

भाची सुटीत गावी येते तेव्हा तालुक्याच्या कॉलेजातल्या चारपाच मुलांना शिकवते. मराठी माध्यमातली, शेतकऱ्या-कामगारांची मुलं. त्यांतल्या एकाला तिनं सोपं काम दिलं होतं: नावांची यादी घ्यायची आणि प्रत्येक नावापुढे नमस्कार छापायचा. त्यानं यादीला 'मॅप' जोडला, आत छापण्याची आज्ञा लिहिली आणि प्रोग्राम चालवला. पडदा कोरा. एक नाव उमटेना. दोन तास तो अक्षर न् अक्षर तपासत बसला. शेवटी वही मिटून म्हणाला, "ताई, हे आपल्याच्यानं होणार नाही."

प्रोग्राम चुकला नव्हता. मॅप मांडला होता, मागणारा कोणीच नव्हता. आणि कंपायलरनं हे सांगितलंही होतं. रस्टचा कंपायलर अशा वेळी स्पष्ट इशारा देतो. त्याचा अर्थ असा की इटरेटर आळशी असतात, कोणी वापरल्याखेरीज ते काहीही करत नाहीत. पण इशारा इंग्रजीत होता, आणि पडद्यावरची इंग्रजी वाक्यं आपल्यासाठी नसतात अशी त्या मुलाची समजूत कधीचीच झालेली होती. भाचीनं त्याला मराठीत एवढंच विचारलं, "जातं मांडलंस, पीठ मागितलं कुणी?" तो हसला. 'मॅप' काढून त्यानं 'फॉर'चा फेरा लिहिला आणि सगळी नावं उमटली. छापणं, पाठवणं, पुसणं अशी कामं आळशी कडीवर सोपवू नयेत, हा धडा त्याला जन्मभर पुरेल.

श्रोतेहो, मला काळजी वाटते ती इथेच. त्या मुलाच्या हुशारीत काही कमी नव्हतं. एका वाक्यापाशी तो अडला, आणि त्या वाक्याचा अर्थ त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात रोज घडत होता. अशी किती मुलं वही मिटून उठत असतील?

म्हणून आणखी दोनतीन खाचखळगे सांगून ठेवतो. कुणाच्या घरी असं मूल असेल तर उपयोगी पडतील. पहिला क्रमाचा. 'निवडा आणि मग पाच घ्या' वेगळं, 'पाच घ्या आणि मग निवडा' वेगळं. दुसऱ्या रीतीत पहिल्या पाच नोंदींत काव्यसंग्रह नसला तर हाती शून्य येईल. दुसरा मर्यादेचा. सगळंच काम आळशी होऊ शकत नाही. नावं अकारविल्हे लावायची तर पहिलं कोणतं हे ठरवायलाही शेवटचं नाव पाहावं लागतं. तिथे अख्खी यादी हातात घ्यावीच लागते. आणि सगळ्याच नोंदी हव्या असतील तर वाचन वाचत नाही, मधल्या याद्यांची जागा तेवढी वाचते.

तिसरा धडा शिस्तीचा. साखळी यादीवरून वाचत असताना मधेच त्या यादीत भर घातली तर? सी प्लस प्लससारख्या जुन्या भाषेत असं लिहिता येतं आणि मग प्रोग्राम कुठल्याही क्षणी भलतंच वागू शकतो. रस्ट ते होऊच देत नाही. साखळीचं काम उरलं आहे तोवर मूळ यादीला धक्का लावायची परवानगी नाही. तसं लिहिलं तर कंपायलर प्रोग्राम तयारच करून देत नाही. आळस चालेल, पण बेशिस्त नाही.

'लेझी'ला आपण 'आळशी' म्हणतो, पण तो शब्द काही मला पटत नाही. आळशी माणूस मागितलं तरी देत नाही. हा तर मागताक्षणी, मागितलं तेवढंच देतो. त्याला 'मागणीबरहुकूम' म्हणावं असं मी भाचीला सुचवलं. "मामू, शब्द लांब आहे, पण मुलांना कळेल," असं तिचं म्हणणं. तुम्हाला याहून आटोपशीर शब्द सुचला तर जरूर वापरा. शिक्षक असाल तर वर्गात एकदा म्हणून पाहा आणि कंपायलरचा इशारा फळ्यावर मराठीत लिहून द्या. इंग्रजी मुलं पुढे शिकतीलच, शिकावीच. पण पहिल्या दिवशी वही मिटली जाऊ नये, एवढं आपल्या हातात आहे.