पाचशे माणसांचा रस्ता



भूगोलाच्या पुस्तकात खेड्याची ओळख दोन ओळींत आटोपते: लोकसंख्या इतकी, जवळचे रेल्वे स्थानक इतक्या अंतरावर. उत्तरपत्रिकेत या दोन ओळी स्वतंत्र लिहिल्या तरी गुण मिळतात. प्रत्यक्षात मात्र त्या एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ८३ कोटी लोक, म्हणजे दर शंभरांतील ६९ माणसे, ग्रामीण भागात राहत होती. २५ डिसेंबर २००० रोजी पंतप्रधान ग्राम सडक योजना सुरू झाली, तेव्हा बारमाही रस्त्याचा निकष लोकसंख्येवरच बसविण्यात आला. सपाट प्रदेशात वस्तीत किमान ५०० माणसे हवीत. डोंगराळ, वाळवंटी आणि आदिवासी भागांत २५०. पैसा मर्यादित असताना जेथे माणसे अधिक तेथे रस्ता आधी, यात अन्याय नाही. परंतु ४८० माणसांच्या वस्तीतील अडलेली बाळंतीण उरलेल्या वीस माणसांची वाट पाहत थांबू शकत नाही.

बिहारच्या गया जिल्ह्यातील गेहलौर हे अशाच अडचणीतले खेडे. बाजार आणि दवाखाना वजीरगंजकडे आणि मध्ये डोंगर आडवा. तो चढून जावे तर जीव धोक्यात, वळसा घालावा तर दिवस मोडतो. दशरथ मांझी या भूमिहीन मजुराची पत्नी फाल्गुनीदेवी वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे दगावली, असे सांगतात. १९६० मध्ये त्याने छन्नी आणि हातोडा उचलला. लोकांनी त्याला वेड्यात काढले. दिवसा पोटासाठी मजुरी आणि उरलेल्या वेळात डोंगर, असा क्रम २२ वर्षे चालला. १९८२ मध्ये सुमारे ३६० फूट लांब आणि ३० फूट रुंद वाट मोकळी झाली. अत्री आणि वजीरगंज या प्रखंडांमधील अंतर ५५ किलोमीटरांवरून १५ वर आले. त्या वाटेवर सरकारी डांबर मात्र बऱ्याच वर्षांनी पडले. १७ ऑगस्ट २००७ रोजी मांझी यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले. खंत एवढीच की, जे काम शासनाचे होते ते एका माणसाच्या आयुष्याची २२ वर्षे खर्ची पडल्यावर झाले.

दुसरे टोक उत्तराखंडात दिसते. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढली. पण पौडी गढवाल आणि अल्मोडा या डोंगरी जिल्ह्यांची घटली. पौडीत ६,९७,०७८ माणसे होती, ती ६,८७,२७१ उरली. कित्येक गावांत घरांना कुलपे लागली. माणसे कमी म्हणून सोयी येत नाहीत आणि सोयी नाहीत म्हणून माणसे राहत नाहीत. नुसता रस्ता आल्याने हे चक्र थांबत नाही. गावात शाळा, दवाखाना आणि हाताला काम नसेल, तर त्याच रस्त्याने अखेरचे बिऱ्हाडही निघून जाते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी शाळेला हे गणित नवे नाही. पट घटला की तुकडी बंद होते, तुकडी गेली की शिक्षक जातो आणि शिक्षक गेला की पट आणखी घटतो. साठ वर्षे हे चक्र येथे रोखून धरले, ते घराजवळच्या शाळा ओलांडून मुलांना येथवर आणणाऱ्या पालकांनी. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून इमारतीची डागडुजी होईल. पट मात्र पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलांनीच भरेल. वाट पायांनी राहते. ज्या वाटेवरून कोणी जात नाही, तिच्यावर दोन पावसाळ्यांत गवत माजते.

हीरक महोत्सवाचा आनंद साजरा करताना प्रत्येक घराने एवढे ध्यानी ठेवावे, हीच विनंती.