रकान्याच्या डोक्यावरची चाळणी

आमच्या खडकीला दोन नावे आहेत. आपण खडकी म्हणतो; इंग्रजांच्या कागदांत ती 'किर्की' झाली. ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई इंग्रजी पुस्तकांत किर्कीची लढाई आहे, आणि आमच्या रेल्वे स्थानकाचा संकेत आजही 'केके' आहे. माणसाला हे उमजते. संगणकाच्या लेखी मात्र ही दोन वेगळी गावे.

याचा प्रत्यय मला एका कचेरीत आला. शेजारच्या खालांबरोबर गेलो होतो. त्यांच्या मरहूम यजमानांची नोकरीची नोंद हवी होती. त्यावर पेन्शनचे पुढचे कागद अवलंबून. समोरच्या तरुण कारकुनाने पडद्यावर भलामोठा तक्ता उघडला. प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एक छोटी रिकामी चौकट होती. तीत अक्षरे टंकली की ती ज्यांत नाहीत त्या ओळी लपतात. चाळणीच म्हणा. त्याने नावाच्या चौकटीत 'शेख' इंग्रजीत टंकले आणि पडदा कोरा झाला.

"खाला, नाव नाही."

"नाही कसं? चौतीस वर्षं डबा बांधून दिलाय मी त्यांना!"

मुलगा नम्र होता. पण 'या चाळणीतून काही आले नाही' आणि 'असा माणूसच नव्हता' यांत फरक असतो, आणि तो पडदा सांगत नव्हता.

घोटाळे दोन होते. 'एस-एच'नंतर कुणी 'ए-आय' लिहितो, कुणी 'ई-आय', कुणी नुसता 'ई'. आम्हा गझल लिहिणाऱ्यांच्या कानाला शेख एकच. यंत्र अक्षरे मोजते. दुसरा घोटाळा अधिक छुपा. पत्त्याच्या रकान्यात आधीच्या कुणासाठी टंकलेले 'खडकी' तसेच राहिले होते आणि आमच्या नोंदीत होते 'किर्की'. दोन चौकटी भरल्या की दोन्ही अटी पुऱ्या करणारीच ओळ दिसते. रकाना पडद्याबाहेर सरकलेला असेल तर त्याची चौकट दिसतही नाही.

एक्सेलमध्ये चाळणी लावली की रकान्यावरच्या बाणाजवळ नरसाळे उमटते, ओळींचे क्रमांक निळे होतात. कचेऱ्यांसाठी मुद्दाम बनवलेल्या कित्येक प्रणालींत एवढीही खूण नसते. 'पाच हजारांपैकी शून्य ओळी, दोन चाळण्या चालू' असे ठळक लिहायला आणि सगळ्या चाळण्या एकदम पुसणारे एक बटण द्यायला प्रोग्राम लिहिणाऱ्यास फार श्रम पडू नयेत.

उच्चारावरून नाव शोधायची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली 'साउंडेक्स'चे पेटंट घेतले. पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, पुढच्या व्यंजनांना अंक द्यायचे. या हिशेबात सगळे शेख 'एस-२००' होऊन एकत्र येतात. खडकी मात्र 'के-३२०' आणि किर्की 'के-६२०'! ड आणि र यांची सोयरीक त्या पद्धतीला ठाऊक नाही.

देवनागरीत लिहिले की प्रश्न सुटेल असेही नाही. सय्यद, सैय्यद, सैयद आहेतच. 'कुऱ्हाडे'मधला अर्धा र यंत्रात एकाहून अधिक तऱ्हांनी साठवता येतो; डोळ्याला फरक दिसत नाही, चाळणी मात्र अडते. म्हणून नाव पुरे टंकू नये. एक्सेलसारख्या ठिकाणी 'एस-एच', तारांकन, 'के', पुन्हा तारांकन दिले की बहुतेक शेख हजर होतात.

आमचे काम झाले ते टोकन नंबरामुळे. तो खालांना तोंडपाठ होता. मुलाने साऱ्या चौकटी पुसल्या, नंबर टंकला आणि ओळ समोर आली, 'ई-आय'वाले शेख, मुक्काम किर्की. खालांनी ती बोटाने दाखवायला लावली.

शिधापत्रिकेवर मात्र 'ए-आय' होते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र करायला आम्ही तिथूनच स्टॅम्पपेपर आणायला निघालो.