माथ्यावरचे काम, पायथ्याचे पाणी
(मंडळाच्या वर्षावास कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. तेव्हा दामोदर आणि महानदी यांच्या योजनांसाठी नदीचे सबंध खोरे एक धरून नियोजन करावे, असा त्यांचा आग्रह होता. ही गोष्ट आपल्या व्याख्यानांत क्वचितच येते. तळ्यावरचा हक्क आणि खोऱ्याचे नियोजन, या दोन्ही गोष्टी मला आज आपल्याच जिल्ह्यात शोधायच्या आहेत.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, अकोले तालुक्यात, कळसूबाई आणि रतनगड आहेत. तेथे पाऊस कोसळतो, प्रवरा उगम पावते आणि 1926 साली पुरे झालेले भंडारदरा धरण भरते. पूर्वेकडे यावे तसा पाऊस आटत जातो. पारनेर, नगर, पाथर्डी, जामखेड हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथील कितीतरी वाड्यावस्त्यांपर्यंत कालवा पोहोचत नाही. त्यांचे धरण म्हणजे गावामागची टेकडी.

एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10 हजार लिटर पाणी होते. म्हणजे 400 मिलिमीटरच्या सालातही हेक्टरी 40 लाख लिटर. टेकडी उघडी असेल तर ते माती घेऊन निघून जाते. म्हणून काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते. आधी समतल चर, गवत आणि झाडे, मग ओघळींत दगडी बांध, मग शेतांची बांधबंदिस्ती आणि शेवटी नालाबांध व पाझर तलाव. क्रम उलटला की तलाव गाळाने भरतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटींत. ही टाकी लहान आहे. हवामान बदलाने पाऊस लहरी झाला आहे, मोठा खंड आणि मग एकदम धो धो. 2018 साली राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीना पात्र सोडून वाहिली. दहावीच्या मुलाने दोन्ही पाहिले.

राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी 1975 नंतर हे काम उभे केले. 1993 साली फादर हर्मन बाखर व सहकाऱ्यांनी ‘वॉटर’ ही संस्था काढली आणि संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारख्या गावांत काम झाले. हिवरे बाजारला पोपटराव पवार सरपंच झाल्यावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई झाली, ऊस व केळी बंद झाली. तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्यावरून पिके ठरतात. मला चरांपेक्षा हा ताळेबंद मोठा वाटतो. पुष्कळ गावांनी चर तेवढे घेतले, हिशेब घेतला नाही.

आता आपल्या माणसांचा प्रश्न. माथ्यावर बहुधा गायरान नाही तर वनखात्याची जमीन असते. त्यावर भूमिहीनाच्या दोन शेळ्या चरतात. चराईबंदी झाली की पहिला फटका त्याला. चर खोदायला तोच, आणि मुरलेले पाणी उतरते खालच्या विहिरींत. ज्याच्या रानात विहीर, त्याचे पाणी.

1972 च्या दुष्काळात माझी आई गावच्या पाझर तलावावर मातीच्या पाट्या वाहत होती. मी सुकडीच्या रांगेत उभा असे. तो तलाव अजून आहे. त्याच्या खालच्या अंगाला सात विहिरी बागायती झाल्या. त्यांतली एकही आमच्या वस्तीची नाही. त्या शेतकऱ्यांवर माझा राग नाही. वाटणीचा नियमच कोणी केला नव्हता.

नियम करता येतो. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगावला, विलासराव साळुंखे यांनी 1974 पासून पाणी पंचायत चालवली. तेथे पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी दिले. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. भूमिहीनालाही हक्क. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. सरकारने ही पद्धत सर्वत्र लागू केली नाही, आणि सहकारी साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात तिला टाळ्या पडतील असेही नाही. चराईबंदीलाही उपाय आहेत. बंदी टेकडीच्या एकेका भागात टप्प्याने आणावी, आणि राखलेले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क शेळीवाल्याला द्यावा. पण हे पहिली कुदळ पडण्याआधी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे लागते. नंतर मागितले तर ती मेहेरबानी होते.

विद्यार्थी मित्रांनो, दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा तलावाच्या बांधावर उभे राहा. खाली किती विहिरी आहेत, कोणाच्या आहेत, काम कोणी केले होते, चराईबंदीचा ठराव झाला तेव्हा आपल्या वस्तीतील कोण हजर होते, हे वहीत लिहून आणा. महिलांना अवश्य विचारा; हंडा त्यांच्या डोक्यावर असतो. आमच्या तलावाखालच्या सात विहिरींची यादी मी केली आहे. ती अध्यक्षांकडे ठेवून जातो, नमुना म्हणून पाहावी.

जयभीम.